पासंगाचा हिशेब

शेर, पायली, तोळा, गुंज ही मापे आपल्या बोलण्यातून अजून पुरती गेलेली नाहीत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, पुढे बाजारात किलो आणि लिटर रुळले, तरी आमच्या भागातली म्हातारी माणसे 'पायलीभर जोंधळे' म्हणतात आणि सराफकट्ट्यावर तोळ्याचा मान अजून टिकून आहे. इतिहास शिकवताना मला राजांच्या वंशावळींइतकेच या मापांचे कुतूहल वाटत आले. एखादी गोष्ट कशी मोजायची हे ठरवताना माणसे वाद घालतात, नुकसान सोसतात, युक्त्या शोधतात आणि अखेर एका मापावर एकमत करतात. तह आणि लढायांपेक्षा हा इतिहास काही कमी महत्त्वाचा नाही. फक्त त्याला पोवाडे नसतात.

या लेखात अशाच एका मापाची कथा सांगायची आहे. ते माप विजेच्या रोधाचे. तारेतून वीज वाहताना तार तिला जो अडथळा करते तो रोध. आमच्या शाळेतली मराठी माध्यमाची मुले 'रोध' म्हणतात आणि शेजारच्या कन्नड शाळेतली मुलेही 'रोध'च म्हणतात. लिपी तेवढी निराळी. मोठा रोध मोजणे तुलनेने सोपे. पण अगदी किंचित रोध, म्हणजे जाड तांब्याच्या पट्टीचा, दोन पट्ट्यांमधल्या सांध्याचा, स्विचच्या बंद झालेल्या दोन ओठांमधला रोध मोजणे फार कठीण. तो मोजण्याची पेटी आज माणूस हातात घेऊन फिरतो. त्या पेटीमागे दोनशे वर्षांची खटपट आहे, आणि ती सारी खटपट एका शब्दात सांगता येते: पासंग. तागडीची दोन पारडी रिकामी असतानाही सारखी नसतील, तर हलक्या बाजूला वाणी एखादा खडा बांधतो. तो पासंग. तांदूळ तोलताना पासंगाकडे दुर्लक्ष झाले तरी चालते. त्याच तागडीत गुंजभर सोने तोलायचे असेल तर मात्र मालापेक्षा पासंगच भारी होतो.

कुलूपवाल्याचा मुलगा

जर्मनीतील एर्लांगेन गावात १६ मार्च १७८९ रोजी गेओर्ग सिमोन ओहम जन्मला. बाप कुलपे बनवणारा कारागीर. शाळा-कॉलेजचे शिक्षण त्याला लाभले नव्हते, पण स्वतःच्या प्रयत्नाने तो गणित शिकला आणि आपल्या दोन्ही मुलांना त्याने ते शिकवले. धाकटा मार्टिन पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. थोरला गेओर्ग १८१७ साली कोलोन येथील माध्यमिक शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागला. आपल्या पेशातला हा माणूस आहे, म्हणून मला त्याच्याविषयी थोडी जास्त आपुलकी वाटते हे मान्य करतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली उपकरणे आणि शिकवून उरलेला वेळ, एवढ्या भांडवलावर त्याने विजेचा अभ्यास मांडला.

त्या काळी वीज मिळे ती व्होल्टाच्या घटमालेतून. पण तिचा जोर सारखा कमीजास्त होई. मोजणारा एका तारेवरून दुसऱ्या तारेकडे वळेपर्यंत वीजच बदललेली असे. मग पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञाने त्याला एक तोड सुचवली. १८२१ साली झेबेकने असे पाहिले होते की दोन वेगळ्या धातूंच्या तुकड्यांची टोके जोडली आणि एक सांधा तापवून दुसरा थंड ठेवला, तर त्यातून वीज वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांबे यांची जोडी घेतली. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळत आहे आणि बर्फ वितळत आहे तोवर विजेचा जोर ढळायचा नाही. मग एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने एकेक करून जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसूचीला किती पीळ द्यावा लागतो यावरून प्रवाह मोजला.

१८२६ साली त्याने जे सूत्र मांडले ते आज पाठ्यपुस्तकात आहे तसे नव्हते. प्रवाह म्हणजे एक संख्या भागिले दोन संख्यांची बेरीज, असे ते होते. बेरजेतली एक संख्या समोरच्या तारेची. दुसरी संख्या बाकी साऱ्या मंडलाची, म्हणजे धातूची जोडी, जोडतारा आणि सांधे यांची. हा दुसरा आकडा म्हणजेच पासंग. विजेच्या पहिल्याच नियमात ओहमने त्याची स्वतंत्र नोंद करून ठेवली होती.

१८२७ साली त्याचे पुस्तक बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाले. विद्वानांनी त्याची उपेक्षा केली. कोलोनची नोकरी सोडून पुढची काही वर्षे त्याला बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्या करून काढावी लागली. १८३३ साली न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत त्याला जागा मिळाली. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले तेव्हा त्याच्या देशबांधवांचे डोळे उघडले. म्यूनिकला प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, तो वारला.

समुद्राच्या तळाशी

विजेचा रोध हा विद्वानांच्या चर्चेचा विषय न राहता व्यापाराचा आणि साम्राज्याचा विषय झाला तो तारायंत्रामुळे. जमिनीवरची तार तुटली तर घोड्यावरून जाऊन बघता येते. समुद्रात दोन मैल खोल पडलेली तार कोण बघणार? ती किनाऱ्यावर बसूनच पारखावी लागते. तारेचा मैलाला किती रोध हे ठाऊक असेल आणि बिघडलेल्या तारेचा किनाऱ्यावरून किती रोध भरतो हे मोजता आले, तर बिघाड किती मैलांवर आहे ते भागाकाराने कळते. त्या एका भागाकारावर दुरुस्तीचे जहाज कुठे न्यायचे हे ठरे.

पारख तारेच्या जन्मापासूनच करायला हवी, हे ग्लासगोच्या विल्यम थॉमसनने १८५७ साली दाखवून दिले. बाजारात 'तांबे' म्हणून विकल्या जाणाऱ्या तारांचे नमुने त्याने तपासले, तेव्हा सारखी जाडी आणि सारखी लांबी असूनही त्यांच्या वाहकतेत त्याला मोठा फरक आढळला. तांब्यात किंचित भेसळ असली तरी रोध पुष्कळ वाढतो. दिसायला दोन्ही तारा सारख्याच लालचुटूक.

५ ऑगस्ट १८५८ रोजी अटलांटिक महासागराखालून युरोप आणि अमेरिका जोडणारी पहिली तार पुरी झाली. व्हिक्टोरिया राणीचा अठ्ठ्याण्णव शब्दांचा संदेश पोचायला सुमारे सोळा तास लागले, आणि महिनाभरात तार मुकी झाली. संदेश लवकर जावा म्हणून व्हाइटहाउस या कंपनीच्या विद्युत-अधिकाऱ्याने तिच्यावर सुमारे दोन हजार व्होल्टचा मारा केला होता. आधीच सदोष असलेले आवरण त्यापुढे टिकले नाही. एवढ्या भांडवलाच्या नाशानंतर चौकशी समिती बसली आणि अंदाजाने काम करण्याचे दिवस संपले. मोजल्याशिवाय तार समुद्रात सोडायची नाही, असा दंडक पडत गेला. १८६६ साली अटलांटिकची तार कायमची जोडली गेली आणि थॉमसन 'सर' झाला. पुढे १८९२ साली त्याला लॉर्ड केल्विन ही पदवी मिळाली; केल्विन ही त्याच्या विद्यापीठाजवळून वाहणारी नदी.

या कथेला आपल्याकडचा धागाही आहे. १८६१ साली चार्ल्स ब्राइट आणि लॅटिमर क्लार्क या दोन अभियंत्यांनी अशी सूचना मांडली की विजेच्या मापांना थोर संशोधकांची नावे द्यावीत. 'ओहम' हे नाव मापाच्या यादीत आले ते त्या सूचनेतून. हेच ब्राइट १८६४ साली इराणच्या आखातातून तार टाकणाऱ्या मोहिमेचे प्रमुख होते. त्या तारेने त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेली कराची युरोपशी जोडली. पुढे १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज मुंबईस आले आणि त्याने मुंबईपासून एडनपर्यंत समुद्रातून तार टाकली. ज्या मुलखात अजून मोडी लिपीत दफ्तरे लिहिली जात होती, त्याच्या किनाऱ्यावर रोधाचे माप असे येऊन पोचले.

थॉमसनची युक्ती

रोध मोजण्याचे त्या काळचे उत्तम साधन म्हणजे व्हीट्स्टनचा सेतू. त्याची मूळ कल्पना सॅम्युअल हंटर क्रिस्टी याची, १८३३ सालची. व्हीट्स्टनने १८४३ साली ती प्रकाशात आणली आणि श्रेय क्रिस्टीचे असल्याचे मोकळेपणाने सांगितले. नाव मात्र व्हीट्स्टनचेच चिकटले. हा सेतू म्हणजे विजेची तागडीच. एका बाजूला ठाऊक असलेला रोध, दुसऱ्या बाजूला मोजायचा रोध; मधला काटा शून्यावर आला की दोन्हींचा मेळ बसला.

ही तागडी मोठ्या रोधाला उत्तम. पण एक मीटर लांबीच्या आणि एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध जेमतेम ०.०१७ ओहम असतो. अशी तार सेतूला जोडायला ज्या जोडतारा लागतात त्यांचाही रोध तेवढाच, आणि जिथे त्या टेकतात तिथल्या स्पर्शाचा रोध तर दर वेळी वेगळा. जोराने दाबले तर कमी, सैल ठेवले तर जास्त. म्हणजे वर सांगितलेली सोन्याची गुंज आणि तांदळाची तागडी.

पासंग आधी मोजावा आणि मग वजा करावा, हा सरळ उपाय. पण जो पासंग दर वेळी बदलतो तो वजा कसा करणार? थॉमसनने १८६१-६२च्या सुमारास निराळा मार्ग काढला. पासंग पारड्यात येऊच द्यायचा नाही. मोजायच्या पट्टीला त्याने दोनांऐवजी चार जागी स्पर्श केला. बाहेरच्या दोन टोकांतून जोरदार प्रवाह आत-बाहेर जातो. आतल्या दोन जागी नुसता विजेचा दाब, म्हणजे विभवांतर, बघितले जाते. या आतल्या तारांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, म्हणून त्यांचा रोध काही असला तरी दाबाच्या मापात फरक पडत नाही. आणि बाहेरच्या तारांतला दाब मोजणाऱ्या दोन बिंदूंच्या बाहेर राहतो, म्हणून तोही हिशेबात येत नाही. उरतो तो फक्त दोन बिंदूंमधल्या तुकड्याचा रोध. थॉमसनने हे तत्त्व जोडसेतूच्या रूपाने बसवले. पट्टी आणि प्रमाण रोध यांना सांधणाऱ्या दुव्याचा परिणाम पुसून टाकण्यासाठी त्याने सेतूला भुजांची आणखी एक जोडी दिली. आजही किंचित रोध मोजणाऱ्या यंत्राच्या चिमट्यांना 'केल्विन क्लिप' म्हणतात ते त्यामुळेच.

ओहम म्हणजे नेमका किती?

तागडी सुधारली, पण वजने कोणाची? एका देशाची तार दुसऱ्याच्या तारेशी ताडून पाहायची तर माप एकच हवे. १८६० साली वेर्नर सीमेन्सने एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ हे माप सुचवले. पारा द्रव असल्याने त्याला घडवण्याचा, ओढण्याचा दोष लागत नाही, आणि तो शुद्धही करता येतो. ब्रिटिशांनी १८६१ साली समिती नेमून आपला वेगळा ओहम काढला. पुढे लॉर्ड रॅले यांच्या मोजणीत तो शेकडा एकाहून थोडा अधिक कमी भरला. १८८१ साली पॅरिसला विद्युत-परिषद भरली आणि ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावे सर्वमान्य झाली. १८९३ साली शिकागोच्या परिषदेत ठरले की बर्फ वितळण्याच्या तापमानाला १०६.३ सेंटिमीटर लांब आणि १४.४५२१ ग्रॅम वजनाच्या, सारख्या जाडीच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध तो एक ओहम. इंग्रज नाव जर्मनाचे, मूळ कल्पना जर्मनाची, ठराव अमेरिकेत. शाळामास्तर ओहम त्या वेळी एकोणचाळीस वर्षांपूर्वी गेलेला होता.

पेटी हातात आली

सेतू हे प्रयोगशाळेच्या टेबलावरचे साधन. कारखान्यात, रेल्वेच्या रुळांवर, उपकेंद्रात ते कोण वाहून नेणार? १८८१ साली आयर्टन आणि पेरी यांनी काट्यावर थेट ओहम दाखवणारे यंत्र केले. पुढे सिडनी एव्हरशेड यांनी ते सुधारले आणि त्यांच्या कंपनीने १९०३ साली 'मेगर' हे नाव नोंदवले. आपल्याकडच्या वायरमनच्या तोंडी 'मेगर लावून बघतो' हे वाक्य असते ते तिथून आले. मात्र मेगर आणि आपले यंत्र ही दोन टोके आहेत. मेगर पाहतो तो आवरणाचा रोध, जो लाखो ओहम असायला हवा. आपले यंत्र पाहते तो जोडाचा रोध, जो ओहमच्या लाखाव्या भागाइतका असायला हवा. त्याच एव्हरशेडांच्या कंपनीने किंचित रोधासाठी 'डक्टर' नावाचे वेगळे यंत्र बाजारात आणले.

असे मोजमाप किती गरजेचे होते याचे मुंबईचे उदाहरण पाहा. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेवरची आगगाडी धावली, १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर. वीज वरच्या तारेतून गाडीत येते आणि चाकांतून रुळांत उतरून परत जाते. पण रूळ म्हणजे तुकड्या-तुकड्यांची साखळी. दोन रुळांच्या फटीवर तांब्याचे जोड बसवले नाहीत, किंवा बसवलेले झिजले, तर परतीच्या विजेला वाट मिळत नाही आणि ती जमिनीतून, जवळच्या नळांतून पळते. म्हणून अशा लोहमार्गांवर सांध्याचा रोध मोजून तो अखंड रुळाच्या अमुक लांबीएवढा आहे की जास्त, हे पाहण्याची पद्धत होती. मुंबईच्या उपनगरी गाड्या १५०० व्होल्टवरून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेवर नेण्याचे काम २०१६ साली पूर्ण झाले. पण परतीची वाट रूळच, त्यामुळे सांध्याची काळजी सुटली नाही.

आजची पेटी घरच्या जेवणाच्या डब्याहून फार मोठी नसते. आत भरून घेता येणारी बॅटरी. बहुधा दहा अँपिअरपर्यंत प्रवाह देणारी. उपकेंद्रातले मोठे ब्रेकर तपासायला शंभर अँपिअर किंवा त्याहून अधिक देणारी भारी यंत्रे असतात. एवढा प्रवाह कशाला? पन्नास मायक्रो-ओहमच्या सांध्यातून दहा अँपिअर सोडले तर त्याच्या दोन बाजूंत फक्त अर्धा मिलिव्होल्ट दाब मिळतो. प्रवाह याहून कमी असेल तर मोजायला काही उरतच नाही. शिवाय दोन वेगळ्या धातूंचा सांधा थोडा तापलेला असेल तर तिथे आपोआप काही मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. झेबेकचा हाच परिणाम ओहमला वरदान ठरला होता. इथे तो पासंग होऊन बसतो. त्यावरची तोड अशी की एकदा सुलट प्रवाहाने वाचन घ्यायचे, एकदा उलट प्रवाहाने. खरा रोध दोन्ही वेळा सारखा राहतो, उष्णतेची वीज मात्र दिशा बदलत नाही. दोन्ही वाचनांची सरासरी काढली की ती गळून पडते. चांगले यंत्र हे स्वतःच करते.

वापरण्याचे नियम मोजकेच, पण कडक आहेत. ज्याचा रोध पाहायचा ते मंडल आधी मुख्य विजेपासून तोडून, तिथे वीज नाही याची खात्री करून घ्यायची. प्रवाहाचे चिमटे बाहेर, दाबाच्या सुया आत. दाबाची सुई प्रवाहाच्या चिमट्यावरच टेकवली तर चिमट्याचा रोधही मापात येतो आणि थॉमसनची सारी मेहनत वाया जाते. गंज आणि तेल पुसून घ्यायचे. तापमान लिहून ठेवायचे, कारण तांब्याचा रोध अंशागणिक शेकडा ०.४ने वाढतो; सकाळचे वाचन आणि भर दुपारचे वाचन यांची तशीच तुलना करता येत नाही. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तपासताना प्रवाह चालू असताना चिमटा काढायचा नाही, कारण गुंडाळीत साठलेली शक्ती जोरदार ठिणगी देते. आणि सगळ्यात महत्त्वाचे: वाचन वहीत लिहायचे. एका आकड्याला फारसा अर्थ नसतो. शेजारच्या सांध्याचा आकडा आणि गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवले म्हणजे तो बोलू लागतो.

हे मी केवळ पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या सभागृहाचे विजेचे काम नव्याने झाले. ठेकेदाराच्या माणसाने साध्या मीटरने सारे जोड तपासले, सगळीकडे ०.३ ओहमच्या आसपास, म्हणजे 'ठीक'. स्नेहसंमेलनाच्या आधी एका परिचित अभियंत्याने आपली पेटी आणली. मुख्य फलकातल्या तीन केबलींच्या टोकांपैकी दोहोंचा रोध भरला पन्नास मायक्रो-ओहमच्या आत. तिसऱ्याचा भरला ३.२ मिलि-ओहम. साध्या मीटरने दाखवलेले ०.३ ओहम होते त्याच्या स्वतःच्या तारांचे. तिन्ही सांधे त्या पासंगाखाली दडून गेले होते. ३.२ मिलि-ओहम ऐकायला काहीच नाही. पण त्यातून शंभर अँपिअर वाहिले की तिथे बत्तीस वॅट उष्णता होते, म्हणजे सोल्डरिंगच्या तापल्या कांबीएवढी, बंद पेटीत, तासन्‌तास. तापल्याने सांधा आणखी सैल होतो, ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर वाढतो, रोध आणखी वाढतो. त्या सभागृहात आमची चारशे मुले बसतात. टोक सोडवून, घासून, लेप लावून पुन्हा आवळले; आकडा इतर दोघांच्या ओळीत आला. तो वहीत लिहिला आहे, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याखाली नवा आकडा पडतो.

पाऱ्याचा चमत्कार आणि जिनिव्हाचा सांधा

रोध किती किंचित असू शकतो? १९११ साली हॉलंडमधील लायडन येथे कामर्लिंग ओनेस आणि त्याचे सहकारी अतिथंड तापमानात धातूंचा रोध मोजत होते. त्यांनी पारा निवडला, कारण तो अतिशुद्ध करता येतो. निरपेक्ष शून्याच्या वर ४.२ अंशांपाशी पाऱ्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. कुठेतरी तारा एकमेकींना टेकल्या असाव्यात अशी शंका त्यांना आधी आली; तपासून पाहता तसे काही नव्हते. ज्या पाऱ्याच्या स्तंभावर जगाने एक ओहम ठरवला होता, त्याच पाऱ्याने शून्य रोध म्हणजे काय हे दाखवले. या अतिवाहकतेतून पुढे प्रचंड शक्तीची चुंबके तयार झाली.

पण अतिवाहक तारांनाही सांधे असतात. जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटर परिघाचा कणत्वरक आहे. त्याची अतिवाहक चुंबके सुमारे दहा हजार सांध्यांनी जोडलेली आहेत. तिथल्या चांगल्या सांध्याचा रोध एक नॅनो-ओहमहूनही कमी. १९ सप्टेंबर २००८ रोजी, यंत्र सुरू होऊन नऊ दिवस झाले असताना, ८,७०० अँपिअर प्रवाहाला एक सांधा उघडा पडला. त्याचा रोध होता सुमारे २२० नॅनो-ओहम. आपल्या सभागृहाच्या बिघडलेल्या सांध्याच्या पंधरा-हजाराव्या भागाहून जेमतेम थोडा जास्त! त्यातून होणारी उष्णता सोळा-सतरा वॅट, रात्रीच्या लहान दिव्याइतकी. पण द्रव हेलियमच्या थंडीत ती पेलवली नाही. सांधा अतिवाहक राहिला नाही, ठिणगीने हेलियमची भिंत फोडली, सहा टन हेलियम उसळला, टनावारी वजनाची चुंबके जागची हलली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. त्रेपन्न चुंबके बाहेर काढावी लागली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले ते २० नोव्हेंबर २००९ रोजी. त्यानंतर तिथे सांध्यांवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवली गेली. या महायंत्रात आपल्या मराठी माणसाच्या जुन्या वस्तीचे, इंदूरचेही नाव आहे: तिथल्या, आज राजा रामण्णा यांच्या नावाने चालणाऱ्या, प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या पुढाकाराने भारताने त्यासाठी सुधारक चुंबके आणि चुंबके बसवण्याचे जॅक पुरवले.

आणि ओहमचे माप? १९८० साली क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना असे आढळले की अतिथंड तापमानात आणि प्रबळ चुंबकक्षेत्रात एका पातळ थराचा रोध ठरावीक पायऱ्यांनीच बदलतो आणि त्या पायऱ्या २५,८१२.८०७ ओहम या एकाच संख्येला पूर्णांकांनी भागून येतात. पदार्थ कोणता, तुकडा केवढा, याने काही फरक पडत नाही. १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९९० पासून जगभरच्या प्रयोगशाळा याच पायरीवरून ओहम ताडू लागल्या आणि २० मे २०१९ पासून मापांची नवी व्यवस्थाच निसर्गाच्या स्थिरांकांवर उभी राहिली. पाऱ्याचा स्तंभ त्याच्या कितीतरी आधी इतिहासजमा झाला होता.

इतिहास शिकवणाऱ्याने या गोष्टीतून काय घ्यावे? आम्हा सीमाभागातल्या लोकांना घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, आणि एकाच गढीच्या, एकाच देवळाच्या, एकाच गावकीच्या दोन हकिकती ऐकण्याची सवय आहे. सांगणारा आपल्या जोडतारांसकट सांगतो. त्याचा हेतू वाईट असतो असे नाही. साध्या मीटरचाही हेतू वाईट नव्हता. पण मोठ्या घटना मोजताना हा पासंग खपून जातो. आमच्या भागातले प्रश्न बहुधा बारीक आहेत: एका इनामाचा कागद, एका वतनदाराची वंशावळ, एका शब्दाचे मूळ. तिथे सांगणाऱ्याचा पासंग मालापेक्षा भारी होतो. म्हणून नववी-दहावीच्या मुलांना मी एक काम देतो. गावच्या एखाद्या प्रसंगाची माहिती मराठी घरातून आणि कन्नड घरातून, दोन्हीकडून आणायची आणि दोन्ही जशीच्या तशी एका वहीत शेजारी-शेजारी लिहायची. कुठली खरी हे पहिल्या वर्षी ठरवायचे नाही. दोन्हीकडून सारखे काय आले याखाली फक्त रेघ ओढायची.

आता अशा सात वह्या शाळेच्या कपाटात आहेत. रेघा थोड्याच आहेत, पण त्या पक्क्या आहेत.